शेवाळ आणि बाबांची हिंदी

ऑक्टोबर लागला की आमच्या हॉलमध्ये ऊन थेट आत शिरतं. पावसाळाभर ते कुठे असतं कोण जाणे. नवरात्र संपता संपता सूर्य जरा खाली कलतो, समोरच्या दोन बिल्डिंगांमधली फट त्याला सापडते, आणि दुपार उतरायला लागली की सोफा, टीपॉय, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पिवळंधमक होऊन जातं. संदीपला, माझ्या नवऱ्याला, ते फार आवडतं. मी पडदा ओढून घेते.

भाईंदरच्या आमच्या इंद्रलोक वसाहतीत या दिवसांत एक ठरलेला गडबडगुंडा असतो. गरब्याच्या मांडवाचे बांबू अजून मैदानात पडलेले, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर गाद्या उन्हाला टाकलेल्या, कुठल्यातरी मजल्यावर पंखे पुसणं चाललेलं, आणि खाली उभं राहून कुणीतरी वर ओरडतंय, "भाभी, गद्दा गिरेगा!" मिठागरांकडून कोरडा, गरम वारा येतो. ओठांवरून जीभ फिरवली तर खारट लागतं. अशाच एका ऑक्टोबरात आमच्या फिशटँकचं पाणी हिरवं झालं होतं. आणि अशाच ऑक्टोबरात मी माझ्या शेजारणीवर जितकी जळले, तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही.

साडीवरून जळले असते तर सोपं होतं. साडी विकत मिळते.

त्या वर्षी उन्हाळ्यात आई गेली आणि बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबांनी जन्मभर मुरुडकडे लाँच चालवली. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, कोंबड्या, सायकली, आंब्याच्या पेट्या नेल्या आणि आणल्या. माणूस मुळात कमी बोलणारा. बोलायची ती आई. "बाबा म्हणतात यंदा फणस चांगला धरलाय." "बाबांना तुझी काळजी वाटते हो." आई गेल्यावर माझ्या लक्षात आलं, बाबांचं बोलणं म्हणून मी जे काही आजवर ऐकलं होतं ते सगळं आईच्या तोंडून ऐकलं होतं. ती गेली तसा तो रस्ताच बंद झाला.

"बाबा, चहा टाकू?"

"चालेल."

"झोप लागली का?"

"लागली."

"आईची आठवण येते ना?"

यावर बाबा पेपर उचलायचे. सकाळी एकदा वाचून झालेलाच.

मी मीरा रोडला एका सीएच्या ऑफिसात कामाला. घरी यायची तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे. टीव्ही बंद. मी गप्पा मारायचा प्रयत्न करायची, म्हणजे प्रश्न विचारायची. एकेक शब्दाची उत्तरं यायची. मला वाटायचं, दुःख आहे, वेळ लागेल. म्हातारा माणूस आहे, आतल्या आत सोसतोय. असं वाटण्यात एक प्रकारचा मानही होता, की हे सोसणारे वडील माझे आहेत आणि त्यांना सांभाळणारी मी आहे.

मग एक दिवस समोरच्या हेतलचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं.

हेतल आमच्याच मजल्यावर राहते. तिच्या नवऱ्याचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा. माझ्याच वयाची, बोलकी, दार कायम अर्धं उघडं ठेवणारी. बाबा पार्सल द्यायला म्हणून गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत. मी बघायला गेले. दाराशी बाबांच्या चपला होत्या आणि आतून एका पुरुषाचं हसणं ऐकू येत होतं. मोकळं, छातीतून येणारं. मला वाटलं तिचा नवरा लवकर आला असेल. मग तो आवाज बोलायला लागला.

"पूरा वऱ्हाड लाँच में बैठेला. नवरी को उलटी, नवरदेव को उलटी. और बीच खाडी में मेरा इंजन बंद!"

"हाय हाय! फिर, काका?"

"फिर क्या! मैं बोला, इंजन बंद है तो क्या हुआ, भरती तो चालू है ना? बैठो चुपचाप. दरिया लेके जाएगा!"

मी तशीच पॅसेजमध्ये उभी राहिले. बाबांच्या घरात मी जन्मले, वाढले, त्या लाँचमधून शाळेला गेले, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. तीसुद्धा हिंदीत.

आत गेले तर बाबा हेतलच्या फिशटँकसमोर स्टुलावर बसले होते. मी आधीही पाहिला होता तो टँक, पण त्या दिवशी नीट पाहिला. आतल्या भिंतीला लावलेला, फार मोठा नाही. त्यात प्लास्टिकचा किल्ला नाही, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या नाही. नुसती खरीखुरी झाडं. तळाला बारीक गवताची गादी, मागे पाण्यात डुलणारी लांब पाती, एका लाकडावर गडद हिरवी जाड पानं, आणि मधून चार-दोन मासे आपल्याच घरात फिरल्यासारखे फिरतायत. काच इतकी स्वच्छ की पाणी आहे की नाही असं वाटावं. मला पाहून बाबा उठले. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी स्टुलावरच ठेवलं आणि माझ्याबरोबर घरी आले.

"काय गप्पा चालल्या होत्या?"

"काही नाही. मासे बघत होतो."

त्यानंतर बाबा रोज जायला लागले. आणि मी ठरवून टाकलं की बाबांना तिथे ओढतो तो टँक. असं ठरवणं माझ्या सोयीचं होतं. माणसाशी बरोबरी कशी करायची ते कळत नाही. टँकशी करता येते.

भाईंदर वेस्टला स्टेशनजवळच्या दुकानातून मी टँक आणला. हेतलच्यापेक्षा मोठा.

"एवढा कशाला?" संदीप म्हणाला.

"जागा आहे ना आपल्याकडे."

"जागा तिच्याकडेही आहे."

टँक ठेवला खिडकीला लागून, बाबांच्या खुर्चीशेजारी, घरातल्या सगळ्यात उजेडाच्या जागी. दुकानदाराने एक लाइट पुरेल सांगितलं होतं, मी दोन लावले. सकाळी लावायची ते झोपताना बंद करायची. झाडांचं खत दुपटीने घातलं, झाडं हेतलच्यापेक्षा लवकर वाढावीत म्हणून. माशांना दिवसातून तीनदा खायला, कारण खाणं टाकलं की मासे वर येतात आणि बाबा बघतील. बाबांनी बघितलंही. "छान आहे," म्हणाले. आणि ऊन कलल्यावर चपला पायात घातल्या.

"कुठे निघालात?"

"समोर."

मग ते ऊन आलं. आधी काचेवर हिरवट धूळ बसल्यासारखी दिसली. मी ती फडक्याने पुसली. ती परत आली. मग पानांवरून बारीक धागे लोंबायला लागले, न्हाणीघरातल्या जाळीत अडकलेल्या केसांसारखे. जुन्या टूथब्रशला गुंडाळून मी ते ओढून काढायची. ओलसर, बुळबुळीत गोळा निघायचा आणि हाताला तळ्याचा वास लागून राहायचा. ऑफिसात बोटं नाकाशी नेली तरी यायचा. दोन दिवसांनी तेच धागे, आधीपेक्षा दाट. आणि शेवटी पाणीच फिरलं. पालक उकडून काढल्यावर पातेल्यात उरतं तसं. मासे नुसत्या सावल्या झाले. मी अर्धं पाणी बदललं. तेव्हा आमच्याकडे टँकरचं पाणी येत होतं, तेच ओतलं. एक दिवस बरं दिसलं, मग पहिल्याहून हिरवं. दुकानदाराने एक बाटली दिली, ती ओतली. काही उपयोग नाही.

ऑफिसात बसून मी फोनवर शेवाळाचे व्हिडिओ बघायची. कुणी म्हणे उजेड कमी करा, कुणी म्हणे खत कमी करा, कुणी म्हणे तीन दिवस टँकवर गोधडी टाका. माझ्या मनात एकच प्रश्न असायचा, तो कुठल्याच व्हिडिओत नव्हता. तिच्याच घरी का नाही?

एका संध्याकाळी लिंबू मागायच्या निमित्ताने तिच्याकडे गेले. ती आत वळली तशी मी टँकला नाक लावून एकेक पान तपासलं. एक धागा, एक डाग सापडावा म्हणून माझा जीव नुसता तुटत होता. कोपऱ्यात काचेवर एक हिरवा ठिपका सापडला. खरं सांगते, मला आनंद झाला. तेवढ्यात हेतल लिंबं घेऊन आली, मी कुठे बघतेय ते तिने पाहिलं, आणि बोलता बोलता तो ठिपका बोटाने पुसून टाकला.

"आपका टँक कैसा है, नीताबेन?"

"एकदम बढ़िया."

दिवाळीच्या आधी ती काहीतरी द्यायला घरी आली आणि तिने तो पाहिला. हसली असती तर बरं झालं असतं. तिने "अरे रे," म्हटलं, घरातल्या आजारी माणसाकडे बघून म्हणतात तसं. मग म्हणाली, "खिड़की से हटाओ इसको. धूप सीधी पड़ती है. लाइट कम करो. खाना एक टाइम, वो भी थोड़ा सा. मेरा भी पहले साल ऐसा ही हुआ था."

मी हो म्हटलं. आणि यातलं काहीही केलं नाही, कारण तिने सांगितलं होतं.

त्या रविवारी सकाळी मी डबे उतरवून स्वयंपाकघर धूत होते. बाबा दाराशी आले.

"नीता, ते मरतायत बघ. वर येऊन तोंड उघडतायत."

कित्येक दिवसांत बाबा माझ्याशी इतकं लांब वाक्य बोलले नव्हते. मी धावत गेले. हिरव्या पाण्याच्या वरच्या थरात सगळे मासे तोंडं वर करून हवा ओढत होते. मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी. बाबा काही न बोलता बाहेर गेले आणि हेतलला घेऊन आले. ती ओढणी कमरेला खोचूनच आली.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. घरातल्या सगळ्या बादल्या, टब, मोठी परात बाहेर निघाली. हेतलने जाळीने मासे काढून तिच्याकडून आणलेल्या पाण्यात सोडले. बाबांनी नळी टँकमध्ये सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, तोंडभर हिरवं पाणी आलं, ते बादलीत थुंकले आणि हसले. माझ्या घरात पहिल्यांदा. पाणी आपोआप वाहायला लागलं. बाबा लादीवर मांडी घालून, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बसले. मी कोपरापर्यंत हात घालून धागे उपटत होते. हेतल परातीत झाडं पसरून एकेक पान साफ करत होती. खिडकीतून ऊन येत होतं, सगळ्या घरभर तळ्याचा वास आणि वरच्या मजल्यावरून चकलीच्या तळणाचा.

"काका," हेतल खालमानेने म्हणाली, "काकी को मछली-वछली पसंद थी?"

इतक्या सहज. जणू भाजीचा भाव विचारावा. आईबद्दल मी किती तऱ्हांनी, किती जपून, किती वेळा विचारलं होतं.

"पसंद? अरे, उसको तो पानी का डर था."

माझा हात पाण्यात थांबला.

"पूरा जनम लाँचवाले के साथ निकाला, और लाँच में बैठी की आँख बंद. हाथ पकड़ने का तो सबके सामने शरम. तो क्या करती थी? मैं आगे चक्का पकड़ के खड़ा. वो मेरे पीछे. और मेरे शर्ट का कोना पकड़ती थी. इतना सा." बाबांनी ओल्या दोन बोटांची चिमूट करून दाखवली. "किसी को दिखता नहीं था. मेरे को समझता था."

नळीतून पाणी पडत होतं.

"अभी शर्ट पहनता है ना," बाबा म्हणाले, "तो पीछे हलका लगता है."

आई लाँचमध्ये नेहमी बाबांच्या मागे उभी राहायची हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मला वाटायचं तिथे वारा कमी लागतो म्हणून. रडू यायला हवं होतं. मला आला तो राग. हे माझं होतं. माझी आई, माझे वडील, तो शर्टाचा कोना, सगळं माझं, आणि ते परातीत पानं धूत बसलेल्या एका परक्या बाईला मिळत होतं. मला ते शेजारून ऐकावं लागत होतं, लग्नाच्या पंगतीत बाजूच्या पानात पडणारी जिलबी बघावी तसं.

आणि तेव्हाच, हात पाण्यात असताना, मला कळलं की माझं भांडण हेतलशी नाहीच. त्या दोघांच्या हिंदीशी आहे. मराठीत बाबा कुणाचे तरी वडील होते, कुणाचे नवरे, गावातले एक मानाचे गृहस्थ. मराठीत त्यांना गप्प राहणं येत होतं. हिंदी त्यांना धड येत नव्हती, त्यामुळे तिच्यात काही लपवायचंही कसं ते येत नव्हतं. होते तेवढे शब्द घेऊन ते सरळ मुद्द्यावर यायचे.

मी टँककडेच बघत विचारलं, "फिर उतरते टाइम छोड़ देती थी क्या?"

बापाशी मी आयुष्यात पहिल्यांदा हिंदीत बोलले. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला. हेतलने वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हाँ," ते नळीकडे बघत म्हणाले. "जेटी आई की छोड़ देती थी. फिर सबसे आगे वोच उतरती थी. एकदम मालकिन के माफिक."

मी आणखी एक विचारलं. मग आणखी एक. पाणी संपेपर्यंत बाबा बोलत होते.

टँक आम्ही आतल्या भिंतीला लावला. एक लाइट काढून टाकला, दुसरा थोडाच वेळ लावायला लागलो. खाणं एकदाच. हेतलने तिच्या झाडांच्या कापलेल्या फांद्या दिल्या, त्या पटापट वाढल्या. पाणी निवळायला थंडी उजाडली. एका दगडावर काळपट शेवाळ राहिलं ते राहिलंच. हेतलच्या टँकसारखा तो कधी दिसला नाही. मला तेही टोचत राहिलं.

आणि बाबा? त्या रविवारनंतर दोन दिवसांनी, मोठ्या हुशारीने, मी स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, चाय लेंगे?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं डोकं फिरलंय. "मराठीत बोल की," म्हणाले.

मी मराठीत विचारलं. "चालेल," म्हणाले.

तेव्हा एवढंच साधलं, की टँकचं पाणी बदलायच्या रविवारी मी हेतलला बोलवायला लागले. ती असली की बाबा बोलायचे. तिला सांगायचे, मी ऐकायची, मधेच हिंदीत एखादा प्रश्न सरकवायची. तिच्याशिवाय मला माझे वडील ऐकू येत नव्हते. तिचे उपकार मानायला हवे होते. मी तिला चहा द्यायची, कधी शिरा करायची, आणि मनातून जळत राहायची. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. तिला हे माहीत होतं का, हे मला अजून माहीत नाही.

बाबा गेले ते एका उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत. गावाकडून नातेवाईक आले. हेतल आली आणि बाबांच्या पायांशी बसून मोठमोठ्याने रडली. माझ्या आत्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ही कोण गं?" "शेजारीण," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणी नव्हतं. ते बऱ्याच दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे आलं. त्या दिवशी मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.

आता टँकचं पाणी बदलायला आम्ही दोघीच असतो. ती कात्रीने झाडं छाटते, मी काच घासते, आणि तिच्याकडचे बाबा ती मला थोडे थोडे देते. "काका बोलते थे ना..." म्हणून सुरू करते आणि अगदी त्यांच्या चुकांसकट, त्यांच्या 'मेरे को' आणि 'वोच'सकट बोलते. तिला त्यांचा आवाज काढता येतो. मला येत नाही. माझ्यापाशी फक्त 'चालेल' आहे.

गेल्या रविवारी मी म्हटलं, "और कोई सुनाओ."

हेतलने कात्री खाली ठेवली. "बस, नीताबेन. अब नहीं है. जितना था, सब बोल दिया."

मग मीच बोलायला लागले. मी सांगितलं की चौथीत असताना मला शाळेत ताप भरला होता. परतीची लाँच निघून गेली होती. बाबांना निरोप पोचला आणि ते माझ्या एकटीसाठी लाँच घेऊन आले. रिकामी लाँच, आम्ही दोघंच. बाबांनी मला उचलून स्वतःच्या पुढ्यात उभं केलं, माझे तापलेले हात सुकाणूच्या चाकावर ठेवले, वरून त्यांचे हात. तशी आम्ही खाडी ओलांडली.

"फिर? क्या बोले काका?"

"कुछ नहीं."

"पूरे रास्ते में कुछ नहीं?"

"एकच शब्द बोले. धर."

"धर मतलब?"

"पकड़ो," मी म्हटलं. मग वाटलं, ते बरोबर नाही. "पकड़ो नहीं. धर."

हेतल माझ्याकडे बघत राहिली. "ये तो काका ने मुझे कभी नहीं बताया," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी सरकून गेलं. मी ते ताबडतोब ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्या घरात राहिलंय, मी नाही ओळखणार तर कोण.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.